बुडाला लागलेली खरवड फेकू नका: रोस्ट चिकनसाठी घरचा पॅन सॉस

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना प्रमाणं लिहून घेता येत नाहीत अशी तक्रार असते, म्हणून प्रमाणं आणि वेळा इथे नीट दिल्या आहेत. बाकी बोलणं बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय अर्ध्या वाटीचा आहे. अर्धी वाटी सॉस, चार माणसांना पुरणारा, आणि तो ज्या भांड्यात चिकन भाजलं त्याच भांड्यात दहा-बारा मिनिटांत होणारा. इंग्रजीत याला पॅन सॉस म्हणतात. नाव परकं असलं तरी यातली एकही क्रिया आपल्या स्वयंपाकघराला नवीन नाही, हे आज मला दाखवायचंय.

विषय निघाला एका व्हॉइस नोटवरून. लोणावळ्यात एका भाड्याने देतात त्या बंगल्याची देखभाल करणाऱ्या ताई आहेत. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाकही त्याच करतात, आणि त्या जेवणाचे पैसे हीच त्यांची वरची कमाई. त्यांचं म्हणणं असं: "दादा, पावसात बाहेरची शेगडी पेटत नाही. मग मी चिकन आत गॅसवर भाजून देते. पाहुणे म्हणतात कोरडं झालं. मागच्या वेळी एकांनी जेवणाचे पैसे कमी दिले. वरून रस्सा ओतून देऊ का?"

प्रश्न अगदी नेमका आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाहुण्यांची गर्दी पावसाळ्यात, आणि कोळसा सादळतो तोही पावसाळ्यातच. म्हणजे भाजणं गॅसवरच होणार. माझं उत्तर आहे: ताई, रस्सा ओतू नका. रस्सा हा स्वतःच एक पूर्ण पदार्थ आहे. तो भाजलेल्या चिकनवर ओतला की भाजल्याची चव झाकली जाते आणि खरपूस कातडी मऊ पडते. तुम्हाला लागणारी चव तुमच्या भांड्याच्या बुडाला चिकटलेली आहे, आणि ती तुम्ही नंतर घासून मोरीत सोडताय.

खरवड म्हणजे नक्की काय

दुधाचं पातेलं रिकामं झालं की बुडाची खरवड कुणी खायची यावरून घरोघरी भांडणं झालेली आहेत. मटण-चिकनच्या भांड्यातही तशीच खरवड धरते. मांसातून रस बाहेर येतो, त्यातलं पाणी उडून जातं, आणि उरलेली प्रथिनं आणि थोडी साखर तापलेल्या बुडावर तपकिरी होतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. पावाचा वरचा पापुद्रा, भाजलेलं खोबरं, भाजलेली कॉफी या सगळ्यांच्या वासात तिचा मोठा वाटा आहे.

ही क्रिया जोरात चालते ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. आणि पाणी उकळतं शंभरला. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे तिथे अठ्ठ्याण्णवच्या आसपासच. मतलब काय, तर भांड्यात पाणी आहे तोवर काहीही तपकिरी होणार नाही. ओलं चिकन कढईत टाकलं की ते भाजत नाही, शिजतं. म्हणून पहिला नियम: तुकडे स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपून घ्या. जमलं तर मीठ लावून दोन-तीन तास फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, वर झाकण न घालता ठेवा. फ्रिजमधली हवा कोरडी असते. पावसाळ्यात बाहेर ठेवून काही सुकणार नाही.

आपल्या मॅरिनेशनची अडचण

आपण चिकनला दही, आलं-लसूण, हळद, तिखट, गरम मसाला असं सगळं आधीच लावतो. तंदूरसाठी ठीक, रश्शासाठीही ठीक. पॅन सॉससाठी ते अडचणीचं ठरतं. तिखट आणि मसाल्याची पूड बारीक असते, ती मांस तपकिरी होण्याच्या आधीच जळते. लसणाचंही तेच. दही पाणी सोडतं आणि फुटतं. मग बुडाला जे धरतं ते कडू असतं.

म्हणून इथे क्रम उलटा करायचा. चिकनला फक्त मीठ. मसाला नंतर, सॉसमध्ये.

चिकन भाजणं

चार अख्ख्या तंगड्या घ्या, एकूण साधारण एक किलो. आपल्याकडे दुकानदार न विचारताच कातडी काढतात, तेव्हा आधीच सांगा की स्किनसकट द्या. छातीचा भाग लवकर कोरडा पडतो, म्हणून तंगड्या. त्याच दुकानातून मान आणि पाठीचा सांगाडाही मागून घ्या. त्याचा उपयोग पुढे आहे.

भांडं जाड बुडाचं हवं. स्टील सगळ्यात उत्तम. लोखंडी कढई चालते, पण त्यात आंबट पदार्थ फार वेळ उकळू नका, रंग काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. साध्या ॲल्युमिनियमवरही आंबटाचा परिणाम होतो. नॉनस्टिक मात्र या कामाला नको, कारण त्याला काही चिकटतच नाही. खरवड नाही, तर सॉस नाही.

एक मोठा चमचा तेल तापवा. तुकडे कातडीची बाजू खाली करून ठेवा आणि आठ ते दहा मिनिटं हलवू नका. सारखं उलथत बसलं तर रंग येत नाही. कातडी तयार झाली की तुकडा आपोआप सुटतो. उलटा, आच मंद करा, झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं. हाडाजवळ सुरी टोचली की रस गुलाबी न येता स्वच्छ आला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश. मग तुकडे ताटात काढा आणि दहा मिनिटं तसेच राहू द्या. ताटात जो रस जमेल तो सांडू नका.

कोरडं होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की भीतीपोटी चिकन अर्धा तास जास्त भाजलं जातं. सॉस त्यावर उपाय नाही. सॉस चव देतो, ओलावा देतो, पण जास्त भाजलेलं मांस मऊ करू शकत नाही. हे ताईंना मी आधी सांगितलं, कारण पैसे तिथेच कापले गेले होते.

आता सॉस

कढईत पाहा. झाकणामुळे रस सुटलेला असेल. आच वाढवा आणि तो आटू द्या. मसाला परतताना आपण तेल सुटण्याची वाट पाहतो ना, तीच खूण इथे. फसफस थांबते, तेल स्वच्छ दिसतं आणि बुडाला तपकिरी थर दिसतो. एक मोठा चमचाभर तेल ठेवा, बाकीचं वाटीत काढा. त्यात बटाटे परता, वाया घालवू नका.

थराचा रंग ओळखायला लोणावळेकरांना वेगळं शिकवायला नको. चिक्कीचा पाक बघता तसंच बघायचं. सोनेरी ते गडद गुळासारखा असेल तर उत्तम. काळा झाला तर गेला. खात्री नसेल तर एका कडेला चमचाभर गरम पाणी घाला, खरवडा, चाखा. कडू लागलं तर त्यात पुढे काही घालू नका, दुसऱ्या भांड्यात कांदा परतून नुसत्या अळणीचा सॉस करा. कडूपणा साखर घालून जात नाही.

रंग बरोबर असेल तर असं करा:

१. एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून आणि लसणाच्या चार पाकळ्या ठेचून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. आता अर्धा चमचा भरडलेली मिरी किंवा पाव चमचा काळा मसाला. अर्धा मिनिट, जास्त नाही.

२. तीन-चार आमसुलं आधी पाव वाटी गरम पाण्यात भिजवून ठेवलेली असावीत. ते पाणी कढईत ओता. चर्र आवाज येईल. लगेच लाकडी उलथन्याने बूड खरवडा. थरातले चवीचे घटक पाण्यात विरघळतात आणि पाण्यामुळे भांड्याचं तापमानही खाली येतं, त्यामुळे जळणं थांबतं. आमसूल नसेल तर व्हिनेगरचा एक चमचा आणि पाणी. आंबटपणा हवाच, नाहीतर सॉस नुसता तेलकट लागतो.

३. एक वाटी अळणी घाला. ती मान आणि सांगाड्यापासून करायची: आल्याचा तुकडा, चार मिरी, तीन वाट्या पाणी, मंद आचेवर पाऊण तास, मग गाळून. मीठ घालू नका. मोठ्या आचेवर आटवून निम्मी करा. हाडांतलं जिलेटिन आटल्यावर सॉसला चिकटसर अंग देतं, ते मैद्याने येत नाही.

४. ताटात जमलेला रस यात घाला, एक उकळी येऊ द्या आणि मग मीठ चाखा. आधी नाही. वाटीभर पाणी आटून अर्धी वाटी झालं की मीठ दुप्पट लागतं. बहुतेकांचा सॉस इथेच बिघडतो.

५. गॅस बंद. एक मोठा चमचा थंड लोणी घालून कढई गोल फिरवत राहा. सॉस चकचकीत आणि दाट होईल.

लोण्याऐवजी तूप का नाही, हा प्रश्न येणारच. लोण्यात फॅटबरोबर थोडं पाणी आणि दुधातली प्रथिनं असतात, त्यामुळे ते सॉसमध्ये मिळून येतं. तूप कढवताना आपण नेमक्या त्याच दोन गोष्टी काढून टाकतो, म्हणून तूप वर तरंगतं. पाकिटातलं बटर खारट असतं, हे मीठ घालताना लक्षात ठेवा. आणि लोणी घातल्यावर उकळलं तर फुटतं. फुटलंच तर चमचाभर पाणी घालून जोरात फेटा, बहुतेकदा परत जुळतं.

पातळ वाटला तर

मैदा, कॉर्नफ्लोअर लागत नाही. मावळात इंद्रायणी तांदूळ घरात असतोच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण आंबेमोहराच्या वंशातला आहे आणि चांगला चिकट आहे. भात शिजताना वरची दोन-तीन चमचे पेज काढून ठेवा आणि लोण्याच्या आधी सॉसमध्ये घालून एक उकळी आणा. पुरेसा दाटपणा येतो. जेवताना सॉससुद्धा याच भातावर छान बसतो.

हे परकं आहे का?

कोल्हापूरकडे बघा. मटण शिजवायचं, त्याचं अळणी पाणी वेगळं काढायचं, मांस मसाल्यात परतून सुकं करायचं आणि त्या पाण्याचा तांबडा-पांढरा रस्सा करायचा. मांस वेगळं आणि त्याचा रस वेगळा, ही कल्पना तिथे आहेच. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या रोस्टमध्ये तर मांस अख्ख्या मसाल्यात, व्हिनेगर घालून मंद शिजवतात आणि उरलेला रस आटवून त्याच्याच कापांबरोबर वाढतात. आपण आज केलं ते या दोन्हींचं जवळचं नातेवाईक.

मटणाचा करायचा असेल तर कढईत भाजून बोकडाचं मांस शिजणार नाही. आधी कुकरला शिजवा, अळणी काढून ठेवा, तुकडे टिपून कढईत खरपूस परता आणि खरवड त्याच अळणीने सोडवा. नारळाचं दूध घालायचं असेल तर लोण्याच्या जागी शेवटी घाला आणि खळखळून उकळू नका.

वाढताना आणि उरल्यावर

सॉस चिकनवर ओतू नका. ताटात खाली दोन चमचे पसरा आणि त्यावर तुकडा कातडी वर करून ठेवा, म्हणजे खरपूसपणा टिकतो. अनेक पाहुणे असतील तर अळणी आदल्या दिवशी करून ठेवा, ऐन वेळी दहा मिनिटांचंच काम उरतं. उरलेला सॉस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगला उकळूनच. लोणी फुटेल, चव राहील. डाळीत किंवा पोह्यांत घातला तरी चालतो. आणि कच्चं चिकन ज्यात मुरवलं ते उरलेलं पाणी सॉस म्हणून कधीही वाढायचं नाही.

करून बघा आणि खरवडीचा रंग नेमका कसा आला ते व्हॉइस नोटमध्ये सांगा, फोटोही पाठवा. पुढच्या भागात याच अळणीतून पांढरा रस्सा, आणि तो फुटू नये म्हणून काय करायचं ते बोलू. भेटूया.