बठ्ठं आंग दुखस

धुळ्यात पाचकंदीलच्या बाजारातून एका अरुंद गल्लीत शिरलं की जिन्यावर चपला दिसतात. प्रत्येक पायरीवर दोन-तीन जोड. बहुतेक बायकांच्या. टाच झिजलेल्या, अंगठा शिवून घेतलेल्या, एखादी दवाखान्यासाठी राखून ठेवलेली नवी. सकाळचे नऊ वाजलेत आणि जिन्याचा लोखंडी कठडा आत्ताच हात ठेवू देत नाही. वैशाख आहे.

वर लांबट हॉल. खिडक्यांना हिरवी जाळी. भिंतीला लागून पलंग मांडलेत, त्यांवर रेक्झिनच्या गाद्या. गादीच्या पोटात तापणारे रोलर आहेत. ते मानेपासून माकडहाडापर्यंत फिरतात. घर्र, थांब, पुन्हा घर्र. बाई उताणी झोपलेली, पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोळे मिटलेले. रोलर कमरेखाली आला की तिचं पोट किंचित उचललं जातं आणि हातातल्या बांगड्या गादीवर वाजतात. बाकीच्या खुर्च्यांवर नंबराची चिठ्ठी मुठीत धरून बसल्यात. येणं फुकट, झोपणं फुकट. रोज या, महिनाभर या. पैसे फक्त पलंग घरी न्यायचा असेल तर. किंमत कुठे लिहिलेली नाही. किंमत कानात सांगतात, हप्ता मोठ्यानं.

मधोमध माईक घेऊन एक तिशीतला मुलगा उभा आहे. पांढरा कोट घातलाय, पण स्वतःला डॉक्टर म्हणवत नाही. तेवढी काळजी घेतो.

"काल कोणाकोणाला झोप लागली?"

हात वर होतात. कोणाला चार तास, कोणाला पाच. एकजण सहा म्हणते. टाळ्या पडतात, ती लाजते. मग मुलगा एका मावशींना उठवतो. आधी काय त्रास होता, सांगा.

"बठ्ठं आंग दुखस," मावशी म्हणतात. "डोकापाईन पायलगून. रातले झोप येत नही. सकायले उठाना जीव व्हत नही."

माना डोलतात. मागून कोणीतरी "मनं बी आसंच शे" म्हणतं.

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

"रिपोट नार्मल शे म्हंतस."

सगळा हॉल हसतो. या वाक्यावर इथे रोजच हसत असावेत.

माझ्या शेजारी शिरपूरहून आलेली एक ताई आहे. चाळिशीची असेल. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत फाइल. फाइल पाहू का म्हटल्यावर ती आनंदानं उघडते. एवढे कागद जमवले, पण नीट वाचणारं कोणी भेटत नाही. ईएसआर, आरए फॅक्टर, थायरॉइड, युरिक अॅसिड, मानेचा एक्स-रे. प्रत्येक आकडा ठरलेल्या चौकटीत. ड जीवनसत्त्व तेवढं कमी. सगळ्यांत मागे घडी पडून मऊ झालेला नाशिकचा एक कागद. त्यावर घाईच्या अक्षरात 'फायब्रोमायल्जिया' आणि खाली दोन गोळ्या. त्या गोळ्यांनी गुंगी यायची. स्वयंपाक करताना तोल जायला लागला, तेव्हा सासूनं बंद करायला लावल्या.

हा आजार असाच आहे. सांधे झिजलेले नसतात, स्नायूंना सूज नसते. शरीराकडून आलेली वार्ता मेंदू आणि मज्जारज्जू ज्या रीतीनं हाताळतात, तिथे बिघाड असतो. हलका दाब, पंख्याचा वारा, कडेवर घेतलेलं नातवंड, सगळ्याची नोंद दुखणं म्हणून होते. झोप झाल्यासारखी वाटत नाही, आठवण दगा देते, थकवा हटत नाही. १९९० साली निदानासाठी अंगावरचे १८ बिंदू ठरवले होते. दाबल्यावर त्यांतले ११ दुखले की फायब्रोमायल्जिया. २०१० मध्ये नवे निकष आले आणि बिंदू दाबणं मागे पडलं. आता कुठे कुठे दुखतं, झोप कशी लागते, थकवा किती, हे विचारतात. म्हणजे निदान व्हायचं ते बोलण्यातून. बोलायला वेळ हवा आणि सरकारी ओपीडीत सकाळी अकरा वाजता वेळ कुठून आणायचा? इथे, या रेक्झिनच्या गादीवर, वेळ भरपूर मिळतो. माईकसुद्धा मिळतो.

ताईचा नंबर पुकारतात. पिशवी माझ्याकडे देऊन ती आडवी होते. अर्धा तास तिचा चेहरा सैल पडत जातो. उठते तेव्हा म्हणते, "बरं वाटतं." खोटं बोलत नाही ती. उबेनं बरं वाटतंच.

धुळे बसस्थानकात जळगावची गाडी लागते, तेव्हा साडेअकरा झालेत. खिडकीची काच सरकत नाही. आत येणारी हवा भट्टीतून येते. कंडक्टर गळ्यातला रुमाल पाण्यानं भिजवून पुन्हा बांधतो. पारोळा. एरंडोल. दोन्हीकडे नांगरून टाकलेली काळी रानं, पावसाची वाट बघत उघडी पडलेली. पुढच्या बाकावर एक बाई नवऱ्याच्या खांद्याला डोकं टेकवत नाही, समोरच्या दांडीवर कपाळ टेकवते. गाडी आदळली की हात मानेकडे जातो.

जगभरातल्या पाहण्यांत या आजाराचं प्रमाण शंभरात दोन-तीन असं येतं, त्यात बायका जास्त. २०११ च्या जनगणनेत धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या ६२ लाखांच्या वर होती. शंभरात दोनच धरले आणि मुलंबाळं वगळली, तरी आकडा पाऊण लाख ओलांडतो. हिशेब ढोबळ आहे. पण मग ही एवढी माणसं जातात कुठे, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जळगावात एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर सुया टोचतात. लिफ्ट बंद. गुडघे धरून चढणारे मधल्या वळणावर थांबतात, तिथे कोणी कनवाळूपणानं स्टूल ठेवलंय. आत थंडावा, उदबत्ती, भिंतीवर मानवी आकृती आणि तिच्यावर रेघा. सुया टोचणारा माणूस मृदू बोलतो. प्रत्येकाची जीभ पाहतो, मनगट धरतो, दोन मिनिटं काही बोलत नाही. समोरचा माणूस त्या दोन मिनिटांत अर्धा बरा झालेला दिसतो. केसापेक्षा थोडी जाड सुई अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात जाते. रक्त येत नाही. बाई श्वास रोखते, मग सोडते.

अमेरिकेत २००५ साली फायब्रोमायल्जियाच्या १०० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना रीतसर सुया टोचल्या, काहींना नुसती बतावणी केली किंवा भलत्याच जागी टोचल्या. दोन्हींकडे सारखाच फरक पडला. मी हे इथे कोणाला सांगत नाही. सांगितलं तरी रांगेतली कोणती बाई उठून जाईल? फरक पडला, एवढंच ती ऐकेल, आणि ते चुकीचंही नाही. शिवाय हे दुखणं भरती-ओहोटीचं आहे. माणूस उपाय शोधत निघतो तो दुखणं टोकाला गेल्यावर. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. त्या आठवड्यात जो समोर बसलेला असतो, त्याला यश मिळतं.

दुपारी तीन. रस्ते ओस. रसवंतीवाल्यानं चरकावर ओलं पोतं टाकलंय. रेल्वे स्टेशनजवळच्या एका लॉजच्या व्हरांड्यात मात्र दाटी आहे. महिन्यातून एकदा इथे बाहेरगावचे एक वैद्यराज उतरतात. हाताहाताला गुलाबी पत्रक. वात, संधिवात, मणका, पक्षाघात, सर्व उपचार करून थकलेल्यांनी एकदा अवश्य भेटा, मुळापासून गुण. असं छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि बंदी नवी नाही; १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींबाबतच्या कायद्याला रोगांची एक यादी जोडलेली आहे, तिच्यात संधिवात आहे, पक्षाघातही आहे. पत्रकावर मोबाइल नंबर ठळक आहे.

आत कॉट, कॉटवर चादर, चादरीवर बरण्या. वैद्यराज नाडीवर तीन बोटं ठेवतात. "झोप मोडते. बरोबर? पहाटे अंग आखडतं. बरोबर? घरचे म्हणतात, तू नाटकं करतेस." समोरच्या बाईचे डोळे भरून येतात. नवरा खिडकीबाहेर बघतो. एवढं बोलून झाल्यावर पैशांचा विषय अवघड राहत नाही.

सोबतचा पोरगा कागदाचे चौकोन मांडून पुड्या बांधतो. हात सराईत आहे. तपकिरी चूर्ण चमचाभर, त्यावर पांढरं चूर्ण चिमूटभर, दोन घड्या, टोक आत. तपकिरी चूर्णाला सुंठीचा वास आहे. पांढऱ्याला कसलाच नाही. "सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवायची नाही," तो बजावतो. महिन्याचे १,८००.

व्हरांड्यात पाचोऱ्याकडची एक वहिनी पुन्हा आली आहे. आधी पुड्यांनी आठ दिवसांत धावायला लागली होती म्हणे. भूक वाढली, चेहरा भरला. मग पैसे नव्हते म्हणून दोन आठवडे बंद केल्या तर अंथरुणातून उठवेना. त्यावरून तिनं काढलेला निष्कर्ष असा, की औषध जबर आहे. तिचा चेहरा मी पुन्हा पाहते. गाल गोल, तकतकीत, मानेमागे किंचित चरबी. साखर तपासली का, असं विचारते. तपासली. वाढली आहे. ते वेगळं, ती म्हणते.

'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड आणि वेदनाशामक कुटून मिसळल्याचं देशात पुन्हापुन्हा उघडकीला आलंय. सुजेच्या आजारात स्टिरॉइडचा गुण झपाट्यानं दिसतो. फायब्रोमायल्जियात सूजच नसते, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही. अंगात आलेली तरतरी मात्र गुण म्हणून खपते. बरेच दिवस घेऊन ते एकदम तोडलं, तर शरीर कोसळू शकतं. हे मी वहिनीला सांगते. पुडी घेऊन एखाद्या फिजिशियनला दाखवा, एकदम सोडू नका, हेही सांगते. ती ऐकून घेते. तेवढ्यात तिचा नंबर येतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं चोपड्याकडे. विदगावला तापीचा पूल. नदीपात्र रुंद आणि त्यात पाणी कडेला सरकलेलं. पलीकडे केळीच केळी, उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून बांधावर शेवरीचा आडोसा. धानोरा, अडावद. अडावदहून रिक्षा उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे निघते. रिक्षात आम्ही सात, त्यांतल्या चौघी उनपदेवच्या पाण्याला.

गोमुखातून गरम पाणी सतत पडतंय. वैशाखातही पहाटेच्या गारव्यात हलकी वाफ दिसते. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामानं बाण मारून हा झरा काढला, असं सांगतात. पौषात इथे यात्रा भरते. आज मात्र निवांत आहे. बायका साडीसकट पाण्यात उतरतात. आधी पाय, मग एकदम बसणं, मग लांब "हाऽऽ". एक आजी धारेखाली मान धरून उभी आहे. पाणी मानेच्या मणक्यावर आदळतं आणि दोन्ही खांद्यांवरून वाहतं. मीही मान धरते. दोन दिवसांच्या एसटीनंतर ती धार सोडवत नाही.

गंमत अशी, की या सगळ्या फेऱ्यात थोडाफार पुरावा या पाण्यापाशीही आहे. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी फायब्रोमायल्जियावरचे उपचार पारखून पाहिले. गरम पाण्यातल्या उपचारांना त्यांनी दुबळी का होईना, संमती दिली. सुया, योग आणि ध्यानालाही तशीच. ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली: व्यायाम. हळूहळू वाढवत नेलेला, रोजचा.

आजींना हे सांगून बघते. त्या हसतात. "माय, दिसभर वावरमा वाकेल ऱ्हातस आम्ही. आखो कितला व्यायाम करवा?"

याचं उत्तर युरोपातल्या कागदात नाही. मजुरी आणि व्यायाम एक नव्हे, थकलं की थांबता आलं पाहिजे, रोज ठरवून थोडंच करायचं, हे सगळं खरं आहे. पण दुसऱ्याच्या वावरात थकल्यावर थांबायचं कसं? आणि गावात बाई नुसतीच चालायला निघाली तर लोक विचारतात, कुठे निघालीस.

ऊन चढतं. ओल्या साड्या झुडपांवर पसरल्यात, पाच मिनिटांत कडक होतात. चौघी सावलीत बसून भाकरी आणि ठेचा सोडतात. दुखणं उतरलंय तोवर गप्पा रंगतात. एक म्हणते, सेंधव्याकडे एक बाबा आहे, तुंबडी लावून वात ओढून काढतो. नणंदेच्या जावेला दोन खेपांत फरक पडला.

"पैसा कितला लेस?" आजी विचारतात.

"पैसा नही लेत. नारय लेस."

"कोनता वारले?"

"मंगयवारले. शिरपूरथीन मोटर शे."

आजी बोटं चाटतात, पदराला पुसतात आणि पिशवीतून पेन काढून माझ्यापुढे धरतात. "लिखी दे वं माय, मोटर कितला वाजानी शे ते."