परागाची डबी
घरचं बियाणं : लेखांक ९

मादी फूल पिशवीत बांधून ठेवण्यापर्यंत आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. पण बांधलेल्या फुलाला हवा तो पराग, हव्या त्या दिवशी मिळायला हवा आणि घोडं नेमकं इथेच अडतं. नर फुलं आधी येतात, गळून जातात. मादी फुलं मागाहून येतात. कधी मादी वेल आपल्या अंगणात असते आणि नर वेल दुसऱ्या तालुक्यात. मिरचीच्या दोन जातींचा संकर करायचा ठरवावं, तर एक जात ऑगस्टमध्येच फुलून मोकळी झालेली असते आणि दुसरी अजून कळीही धरत नाही. मग पराग काढून, सांभाळून, वेळ आली की वापरणं एवढाच मार्ग उरतो.

असं करता येतं, हे बर्लिनमध्ये १७४९ साली लोकांसमोर सिद्ध झालं. तिथल्या वनस्पती उद्यानात पंख्यासारख्या पानांचा एक जुना मादी ताड होता. तो दरवर्षी फुलायचा, पण फळ मात्र कधी धरत नव्हता. बर्लिनमध्ये त्याला नर नव्हता, लाइपझिगला होता. उद्यानाचे प्रमुख योहान गोटलीब ग्लेडिच यांनी लाइपझिगहून नर फुलोरा मागवला. टपालगाडीच्या प्रवासात बराचसा पराग परागकोशातून गळून गेला होता. उरलेला आणि पुडीत सांडलेला पराग त्यांनी मादी फुलांवर टाकला. त्या वर्षी ताडाला फळं धरली, त्यांत बिया भरल्या आणि त्या उगवल्याही. वनस्पतींना लिंग असतं ही गोष्ट तेव्हा वादाची होती. वाद मिटवणारा पुरावा म्हणून हा प्रयोग गाजला. आपल्या कामाचा मुद्दा मात्र वेगळा आहे : झाडापासून तुटलेला पराग गाडीत धक्के खात आला आणि तरीही जिवंत राहिला. खजूर पिकवणाऱ्यांना याचं नवल वाटलं नसतं. एका हंगामाचा पराग पुढच्या हंगामासाठी राखून ठेवणं अरबस्तानात पूर्वापार चालत आलं आहे.

त्याआधी, १६९४ साली, ट्यूबिंगनच्या रुडोल्फ कामेरारियस यांनी तुती, एरंड, मका अशा झाडांवर प्रयोग करून परागाशिवाय बी होत नाही हे दाखवून दिलं होतं. एका झाडाने मात्र त्यांना दगा दिला. ते झाड म्हणजे भांग. नर रोपं उपटून टाकली तरी मादीला बिया धरल्याच. आज याचं कोडं पडत नाही. भांगेचा पराग वाऱ्यावर फार लांब जातो, शिवाय मादी झाडावर अधूनमधून एखादं नर फूलही निघतं. नर-मादी वेगळी असलेल्या झाडांचं बियाणं राखण्याचा विषय निघाला की जगभर पहिलं उदाहरण भांगेचंच येतं, म्हणून इथेही तिचा उल्लेख टाळलेला नाही. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्याशिवाय हे झाड लावणं हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. धाग्यासाठी किंवा बियांसाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडात तसे परवाने दिले गेले आहेत. कुंडीतल्या हौसेला ही वाट खुली नाही, त्यामुळे आपण आपल्या भाज्यांकडेच वळणार आहोत.

त्याआधी एक गंमत सांगतो. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या गांजाच्या शेतांचं वर्णन आहे. तिथे ‘पोद्दार’ नावाचे जाणकार पिकातून फिरून एकेक नर रोप ओळखत आणि उपटत, कारण फुलात बी भरलं की मालाची किंमत पडायची. आपल्या नगर जिल्ह्यातही तेव्हा ही लागवड होती. ज्या परागाच्या नावाने त्या शेतकऱ्यांच्या पोटात गोळा यायचा, तोच आपल्याला डबीत भरून ठेवायचा आहे.

आता परागकणाकडे. तो नुसती पूड नसतो, त्याच्यात जीव असतो. कोरडा असला की तो झोपलेला राहतो. ओल मिळाली की जागा होतो, नळी काढू पाहतो, आणि कुक्षी मिळाली नाही तर साठवलेली शिदोरी संपवून मरतो. पराग नुसत्या जुनेपणाने मरत नाही, दमटपणात आणि उष्णतेत मरतो, हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ लागतो. पावसाचं पाणी तर आणखी वाईट. साध्या पाण्यात कित्येक परागकण फुगून फुटतात.

पण सगळे पराग सारखे नसतात, आणि हौशी माणसांची फसगत बहुतेक इथेच होते. हवाई विद्यापीठातल्या जेम्स ब्रूबेकर यांनी १९६७ मध्ये जवळजवळ २,००० प्रजातींचे पराग तपासून एक ढोबळ विभागणी पुढे ठेवली. काहींच्या परागात फुलातून सुटताना दोन पेशी असतात, काहींच्या परागात तीन. दोन पेशींचे पराग साधारणपणे टिकाऊ असतात. टोमॅटो, मिरची, वांगं ही सगळी मंडळी त्यांतली. तीन पेशींचे बहुधा अल्पायुषी असतात. ज्वारी, मका, भात आणि एकूणच गवतकुळ त्यांत मोडतं. मक्याचा पराग भर उन्हात तास-दोन तासांतच निकामी होतो. तो वाळवून डबीत भरायला जाल तर वाळवण्यातच मारून टाकाल. मक्याच्या तुऱ्याला सकाळी कागदी पिशवी बांधावी, झटकावी आणि लगेच कणसाच्या केसांवर रिकामी करावी. लाल भोपळा या विभागणीला अपवाद आहे. त्याच्या परागात दोनच पेशी असल्या तरी तो फुलातून ओला, चिकट बाहेर पडतो आणि वाळवणं त्याला सोसत नाही. त्याचं काम उजाडताच उरकायचं. म्हणून डबीचा उद्योग टोमॅटो, मिरची, वांगं, पपई अशांसाठीच ठेवावा.

टोमॅटोचं उदाहरण घेऊ. जालना, बुलढाणा भागात शेडनेटमध्ये संकरित बियाण्याची कामं चालतात. तिथल्या ‘क्रॉसिंग’ करणाऱ्या बायकांना हे सगळं तोंडपाठ असतं. सकाळी ऊन चढायच्या आत, पाकळ्या पूर्ण पिवळ्या झालेली नर जातीची फुलं तोडायची. पाकळ्या काढून मधला परागकोशांचा पिवळा सुळका तेवढा ठेवायचा. हे सुळके बटर पेपरवर पसरून रात्रभर वाळवायचे. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राच्या मार्गदर्शिकेत यासाठी १०० वॉटचा बल्ब ३० सेंटिमीटर उंचीवर टांगायला सांगितलं आहे. तेवढ्या अंतरावर साधारण ३० अंश सेल्सिअसची ऊब मिळते. जुना पिवळा बल्ब आता दुकानात मिळणं कठीण, आणि एलईडीची ऊब पुरत नाही. कोरड्या हवेत पंखा बंद असलेली सावलीची खोली चालते. उन्हात मात्र वाळवू नये. आमच्याकडे मिरच्या उन्हात वाळतात म्हणून पराग का नाही, असं पुष्कळांना वाटतं, पण मिरची काही जिवंत ठेवायची नसते.

सुळके कुरकुरीत झाले की झाकणाच्या डबीत टाकून जोरजोरात हलवायचे आणि मग बारीक जाळीतून चाळायचे. चहाची गाळणी यासाठी जाड पडते. तिच्यातून कोशांचा चुराही खाली येतो आणि तो चुरा ओल धरून ठेवतो. तिच्यावर जुनी नायलॉनची ओढणी ताणून घेतली की काम भागतं. चिमूटभर फिकट पिवळी पूड हाती लागली तरी खूप झालं.

या चिमटीचे लगेच चार-पाच भाग करावेत. सगळी पूड एकाच बाटलीत ठेवली, तर दर वेळी बाटली उघडताना तिला ओल लागते. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल किंवा बटर पेपरच्या लहान पुड्या यासाठी बऱ्या. या पुड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवाव्या आणि तळाशी सिलिका जेल घालावं. नव्या चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या पुड्यांनी आधीच ओल प्यायलेली असते, म्हणून रंग बदलणारे खडे विकत आणावेत. ते निळ्याचे गुलाबी झाले की दमले असं समजावं. हलक्या आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात. बरणी दिवसभर बाहेर ठेवून पराग पुरता कोरडा झाला की ती फ्रीजमध्ये जाऊ द्यावी आणि महिनाभरापेक्षा जास्त ठेवायची असेल तर फ्रीजरमध्ये. हा क्रम उलटा करू नये. ओलसर पराग गोठवला की आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटते.

मोठ्या संस्थांची रीतही हीच असते, फक्त थंडी फार पुढची. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत पराग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवतात. कॅनडात २०१८ मध्ये भांग कायदेशीर झाली. त्यानंतर तिथल्या लेथब्रिज विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिचा पराग वाळवून, ओव्हनमध्ये भाजलेल्या गव्हाच्या पिठात मिसळून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवला. चार महिन्यांनीही तो कामाचा निघाला. भाजलेलं पीठ ओल शोषतं आणि कण सुटे ठेवतं. ही युक्ती कुठल्याही घरात करून पाहण्यासारखी आहे.

सर्वांत जास्त पराग मरतो तो बरणी बाहेर काढताना. थंड बरणी उघडली की हवेतली वाफ आतल्या पुडीवर जमते. म्हणून बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. मग लागेल तेवढी एकच पुडी काढावी आणि उरलेला पराग परत गोठवू नये. पुडी उघडून, ओल्या कापडाने झाकलेल्या पातेल्यात पाण्याचा स्पर्श होऊ न देता तासभर ठेवावी. अगदी कोरडा पराग एकदम ओल्या कुक्षीवर पडला तर त्याची पटलं पाण्याच्या लोंढ्यात फाटतात, तासाभरात तो हळूहळू सावरतो. नंतर मऊ ब्रशने किंवा थेट बोटाने तो कुक्षीला लावावा. जात बदलली की ब्रश आणि बोटं स्पिरिटने पुसून पुरती वाळू द्यावी.

पराग जिवंत आहे का, हे फूल वाया घालवण्याआधी घरी पाहता येतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि ०.१ ग्रॅम बोरिक ॲसिड घालावं. बोरिक ॲसिड म्हणजे पूर्वी कॅरमच्या बोर्डावर टाकायचो ती पावडर. औषधाच्या दुकानात मिळते, फक्त मुलांच्या हाती लागू देऊ नये. प्रयोगशाळेतल्या मिश्रणात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमचे क्षारही असतात. १९६३ मध्ये ब्रूबेकर आणि क्वॅक यांनी हे मिश्रण ठरवलं. घरी एवढं नसलं तरी अंदाज येतो. या द्रावणाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात पराग शिंपडावा, पट्टी ओल्या टिपकागदाच्या डबीत ठेवावी आणि दोन-तीन तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. मनू प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोपही पुरतो. कणाच्या व्यासाहून लांब नळी निघाली की तो कण जिवंत धरायचा. शंभर कण मोजले आणि त्यांतले तीसेक उगवले, तर निर्धास्त वापरावा. पाचच उगवले, तर पराग जाड थरात लावावा आणि फुलंही जास्त घ्यावीत. शाळेत शिकवतात त्या ॲसिटोकार्मिनच्या रंगावर फार विसंबू नये. नुकत्याच मेलेल्या पण भरलेल्या कणालाही तो तांबडा करतो.

आता करटुलं, ज्याबद्दल मागच्या दोन लेखांकांपासून विचारणा होते आहे. नर-मादी वेल वेगळ्या, भाजी पावसाळ्यातली, आणि फुलं उमलतात संध्याकाळी, कारण त्यांचं परागीभवन निशाचर पतंग करतात. फुलं येईपर्यंत वेल नर की मादी ते कळत नाही. मादी फुलाच्या मागे काटेरी इवलं करटुलं दिसतं, नर फुलाच्या मागे नुसता देठ आणि कळीला कवटाळलेलं पानासारखं सहपत्र. बियांपासून वेली केल्या तर साधारण निम्म्या नर निघतात, म्हणून लोक मादी वेलीचा कंद जपतात आणि आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. जुलैच्या कोकणी हवेत पराग वाळवायच्या भानगडीत पडू नये. दिवे लागायच्या सुमारास नर फूल कोरड्या झाकणाच्या डबीत घालून न्यावं, पाकळ्या मागे दुमडून फुलातले परागकोश मादीच्या कुक्षीवर फिरवावेत आणि पावसाची सर येईल म्हणून त्या फुलावर रात्रभर बटर पेपरची टोपी घालावी. सकाळी टोपी काढून देठाला लाल दोरा बांधावा. भाजीसाठी करटुली तोडताना घरच्यांना तो दिसला पाहिजे. बियाण्याचं फळ वेलीवरच नारिंगी होऊन उकलू द्यायचं असतं.

डबीवरच्या चिठ्ठीत जातीचं नाव, पराग काढल्याची तारीख, फ्रीजमध्ये ठेवल्याची तारीख आणि चाचणीत शंभरातले किती उगवले तो आकडा लिहावा. बॉलपेनची शाई थंडीत आणि ओलीत पसरते, म्हणून पेन्सिल वापरावी. पुढच्या आठवड्यात फळातून बी काढणं, टोमॅटोचा बुळबुळीत गर आंबवून धुणं आणि करटुल्याच्या लवकर न उगवणाऱ्या बिया यांविषयी.