तोलणे म्हणजे उचलणे

इंग्रजी सागरकथांमध्ये जहाज बंदर सोडताना ‘वे अँकर’ असा हुकूम येतो. ‘वे’ म्हणजे वजन करणे, हा अर्थ आपण शाळेतच पाठ केलेला असतो. मग निघायच्या घाईत खलाशी नांगराचे वजन कशाला करतील? बोरी अरबसारख्या कापूसपट्ट्यातल्या गावात नांगर म्हटला की काळी जमीनच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे हा वाक्प्रचार मला अधिकच कोड्यात टाकत आला.

इथे वजनाचा संबंध नाही. नांगर वर उचलून घ्या, एवढाच त्या हुकुमाचा अर्थ. जुन्या इंग्रजीत ‘वेगन’ हे क्रियापद वाहून नेणे, हलवणे, उचलणे या अर्थांनी होते. वस्तू उचलली की तिचा भार कळतो. वजन करणे हा अर्थ त्यातूनच आला. खलाशांच्या बोलीत मात्र जुना अर्थ टिकला. वाट या अर्थाचा ‘वे’ आणि ‘वॅगन’ हे याच कुळातले. संस्कृत ‘वह्’ हा धातूही त्याच मुळाचा, म्हणजे आपले वाहणे, वाहन आणि विवाह हे या इंग्रजी शब्दाचे दूरचे नातलग ठरतात. जहाज चालू लागले की ‘अंडर वे’ म्हणतात. त्यातला ‘वे’ वाटेचा. पण नांगर उचलण्याशी सांगड घालून अनेकांनी तो वजनाच्या स्पेलिंगने लिहिला.

मराठी ‘तोलणे’ वेगळ्या मुळाचे, पण त्याचा प्रवास तसाच आहे. संस्कृत ‘तुल्’ म्हणजे उचलणे आणि उचलून वजन ठरवणे. धातुपाठात त्याचा अर्थ ‘उन्मान’ असा दिला आहे. त्यातला ‘उद्’ म्हणजे वर. लॅटिनमधले ‘तोल्लेरे’, म्हणजे उचलणे, हे त्याचे सगोत्र. आजही आपण भार ‘तोलून धरतो’, तेव्हा तिथे तराजू नसतो, हात असतात.

बाजारात मात्र ही दोन कामे वेगळी झाली. उचलतो तो हमाल, तोलतो तो मापाडी. हमाल हा शब्द मूळ अरबी, अर्थ ओझे वाहणारा. त्याच्या श्रमाला संरक्षण देणारा माथाडी-हमाल कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला.

कापूस तर पुन्हा पुन्हा तोलला जातो. वेचणीची मजुरी किलोवर, शेतकऱ्याचा भाव क्विंटलवर. जिनिंगनंतर रुईची गाठ १७० किलोची आणि व्यापाऱ्याची खंडी सुमारे ३५६ किलोची. यातला पहिला भार वेचणाऱ्या बाईने दिवसभर अंगावर वागवलेला असतो. संध्याकाळी काटा वाचतो दुसराच कोणी. तो आकडा तिच्या डोळ्यांसमोर वाचला जावा, ही मागणी हिशेबाची तर आहेच. आधी उचलणे आणि मग वजन सांगणे, या शब्दाच्या जुन्या अर्थालाही ती धरून आहे.