भिकू म्हात्रे आवडतो? मग जरा थांबा!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून सुटका झाली, की प्रश्न ठरलेला : वीकेंडला काय पाहायचं? माझं उत्तर तयार आहे. राम गोपाल वर्माचा ‘सत्या’. १९९८ चा म्हणून नाक मुरडू नका.

यातला डॉन बघा. भिकू म्हात्रे बाहेर टोळी चालवतो आणि घरी बायकोची बोलणी खातो. मित्रांवर जीव टाकतो, मनापासून हसतो. मनोज वाजपेयीला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ते उगाच नाही. पटकथा अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांची. कल्लूमामाही शुक्लाच! ही गँग आपल्याला चक्क आवडायला लागते.

आणि तिथेच सिनेमा आपल्याला पकडतो. सत्याच्या शेजारी राहणाऱ्या विद्याला (ऊर्मिला मातोंडकर) तो काय ‘काम’ करतो, याचा पत्ताच नाही. एके दिवशी दोघं सिनेमाला जातात. थिएटरला पोलिसांचा वेढा पडतो, सत्या गोळी झाडतो आणि चेंगराचेंगरी होते. मरतात ती तिकीट काढून आलेली साधी माणसं. म्हणजे तुम्ही-आम्हीच की!

त्यानंतर भिकूच्या विनोदावर हसताना घशात काहीतरी अडकतं. गँगवॉरचे सिनेमे ढीगभर आले, पण टाळ्या वाजवणारे आपले हात असे मध्येच थांबवणारे किती? म्हणून सांगते, मोबाइल सायलेंटवर टाका आणि ‘सत्या’ सलग बघा.