नाणेघाटाचा काळा दगड आणि समुद्रातला पेटता डोंगर

(इयत्ता ४ थी)

आपले वैशाखरे गाव नाणेघाटाच्या पायथ्याशी आहे. आपल्याकडे जिकडे बघावे तिकडे काळा दगड. घराचे जोते काळ्या दगडाचे, जाते काळे, पाटा-वरवंटाही काळाच. हा एवढा दगड आला कुठून, ते मी गुरुजींना विचारून आणि पुस्तकात वाचून लिहीत आहे.

या दगडाला बेसाल्ट म्हणतात. तो पूर्वी दगड नव्हताच! तो पातळ, तांबडालाल रस होता. त्या रसाला लाव्हा म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली. लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. तो पाण्यासारखा पसरला आणि थंड होऊन त्याचा दगड झाला. मग काही काळ शांत. मग पुन्हा लाव्हा. असे किती तरी वेळा झाले. एकावर एक थर बसले, आणि घाटात काही ठिकाणी त्यांची जाडी दोन किलोमीटरपेक्षाही जास्त झाली. आजही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जागेवर आहे.

हे खोटे वाटत असेल तर डोंगराकडे नीट बघा. आधी उभा कडा, मग गवताचा उतार, मग परत कडा. जणू पायऱ्याच. टणक थराचा कडा होतो आणि मऊ थर झिजून उतार होतो. म्हणूनच या दगडाला ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडन देशाच्या भाषेत पायरीला तसा शब्द आहे. काही दगडांत बारीक भोकं असतात. लाव्ह्यातली हवा बुडबुड्यासारखी अडकून राहिली, त्याची ती भोकं.

आता खरी गंमत. ज्या आगीने आपला डोंगर केला ती अजून विझलेली नाही, असे पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत आहे. ती आता इथून चार हजार किलोमीटरहून जास्त लांब, हिंदी महासागरात रियुनियन नावाच्या बेटाखाली आहे. ते बेट फ्रान्स देशाचे आहे.

आग एवढ्या लांब गेली कशी? आग गेली नाही, आपणच सरकलो! चूल एका जागी आहे आणि तिच्यावर धरलेली भाकरी आई हळूहळू पुढे सरकवते, असे समजा. भाकरीवर करपल्याच्या डागांची ओळ उमटेल. तसा आपला भारत देश त्या आगीवरून उत्तरेकडे सरकत आला. मागे डागांची ओळ राहिली. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. याला पुरावा आहे. आपला दगड ६ कोटी ६० लाख वर्षांचा, मॉरिशसचा जुन्यात जुना दगड ८० ते ९० लाख वर्षांचा, आणि रियुनियनचा त्याहूनही कमी वयाचा. मॉरिशसमध्ये मराठी माणसेही राहतात. त्यांचे पूर्वज इंग्रजांच्या राज्यात ऊसमळ्यांवर कामाला गेले. म्हणजे त्यांच्या आणि आपल्या पायाखाली एकाच चुलीचा दगड आहे.

रियुनियनवर दोन मोठे डोंगर आहेत. एक हजारो वर्षे शांत आहे. दुसरा पिटों द ला फुर्नेझ, उंची सुमारे २६३० मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर. हा डोंगर सतराव्या शतकापासून दीडशेहून जास्त वेळा पेटला आहे. एप्रिल १९७७ मध्ये लाव्हा एका गावात शिरला. घरे जळाली. लोकांना आधीच हलवले होते. लाव्हा चर्चच्या दारातून थोडा आत गेला आणि तिथेच थांबला! एप्रिल २००७ मध्ये तर डोंगराच्या माथ्यावरचा खड्डा ३०० मीटरहून जास्त खाली खचला.

आपला डोंगर आता पेटणार नाही. भिऊ नका. पण त्या जुन्या लाव्ह्याचा आपल्या हंड्याशी संबंध आहे. आपल्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात. आया-बहिणी डोक्यावर हंडे घेऊन लांब जातात. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते फक्त फटींत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. बाकीचे ओढ्याने निघून जाते.

पण नाणेघाटात जुन्या लोकांनी याच कातळात पाण्याची टाकी खोदली आहेत. जो दगड पाणी मुरू देत नाही, तोच टाक्यातले पाणी झिरपूही देत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांच्या वेळी व्यापारी त्या वाटेने जात. जुनी माणसे किती हुशार!

म्हणून दगडाला दोष देऊ नये, तो ओळखावा. ओढ्याला बांध घातला की पाणी थांबते, आणि जिथे फटी असतील तिथे मुरतेही. विहीर खणायची तर आधी थर बघावा. पुढच्या वेळी घाटात जाल तेव्हा सर्वांनी थर मोजा, आणि किती भरले ते या भिंतीवर लिहा.