केनी वॉशिंग्टन : उशिरा उघडलेलं दार

श्रोतेहो, फुटबॉल म्हटला की पायानं चेंडू मारण्याचा खेळ आपल्या डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतला फुटबॉल मात्र निराळा. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो काखेत धरून गडी धावत सुटतो आणि समोरचे अकरा जण त्याला धरून खाली पाडू पाहतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. न जमल्यास चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो.

या खेळातला एक नामांकित गडी म्हणजे केनी वॉशिंग्टन. त्याचा जन्म १९१८ साली लॉस एंजेलिस शहरात झाला. तिथल्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातून तो खेळला. १९३९ साली पुढे बेसबॉलमध्ये नाव काढणारा जॅकी रॉबिन्सन त्याचा सोबती होता. केनीचा खेळ तेव्हा देशभर गाजला. पण शिक्षण संपलं, तरी मोठ्या व्यावसायिक संघांची बोलावणी आली नाहीत.

असं का बरं झालं? केनी काळ्या वर्णाचा होता. १९३४ पासून १९४५ पर्यंत राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कुठंच नव्हता. मालकांचं आपसांत ठरलेलं होतं. केनी मग लहान संघांतून खेळत राहिला. उमेदीची वर्षं त्यातच गेली आणि गुडघेही दुखावले.

१९४६ साली रॅम्स नावाचा संघ लॉस एंजेलिसला आला. त्याला तिथलं मोठं सार्वजनिक क्रीडांगण हवं होतं. काळ्या पत्रकारांनी हरकत घेतली. हे मैदान सगळ्यांच्या करातून उभं राहिलंय. काळ्यांना वगळणाऱ्या संघाला ते कसं देता? प्रश्न बिनतोड होता. रॅम्सनं त्याच वर्षी केनीशी करार केला. पाठोपाठ त्याचा जुना सोबती वुडी स्ट्रोड हाही संघात आला.

केनी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. गुडघे साथ देत नव्हते. तरी १९४७ साली त्यानं एका दमात ९२ यार्ड धावून गुण मिळवला. शंभर यार्डांचं ते मैदान! पण तीनच हंगामांनंतर, १९४८ साली, त्याला खेळ सोडावा लागला. १९७१ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी तो वारला.

शिक्षकबंधूभगिनींनो, मुलांना ही ९२ यार्डांची धाव जरूर सांगा. मात्र त्याआधी वाया गेलेली सहा वर्षंही सांगा. दार उघडलं, ते बरंच झालं. पण ती वर्षं केनीला कुणी परत देऊ शकलं नाही.