पुण्यात घडलेली ‘राजी’

व्हिडिओ गेमची नायिका दुर्गेचा त्रिशूळ घेऊन असुरांवर तुटून पडते आणि हा गेम चक्क पुण्यात तयार झालाय! ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ अजून खेळला नसेल, तर गेमवेड्यांनी जरूर शोधावा.

नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम कडक : उद्दिष्ट हुकलं की हाती छदामही नाही. तरी काम चालू राहिलं. पुढे प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला, मग ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर.

गोष्ट साधी. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. खरी मजा दृश्यांत आहे. राजस्थानी वळणाचे महाल, पहाडी लघुचित्रांची छटा, आणि कथेचे दुवे सांगायला छाया-बाहुल्या. चेहऱ्यांच्या महागड्या ॲनिमेशनच्या मागे न लागता या बाहुल्या निवडणं ही हुशारीच म्हणायची.

त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणासाठी नामांकनही मिळालं. पण खेळणाऱ्यांनी कान पिळलेच : गेम काही तासांत संपतो, शेवट तुटक वाटतो, लढाई अडखळते. तक्रारी रास्त होत्या.

२०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. तिच्यात दृश्यं आणि लढाई घासूनपुसून घेतली होती, शिवाय हिंदी संवादही आले. देवदेवता पहिल्या आवृत्तीत इंग्रजी बोलत होत्या!